त्या घरचं पाणी

साताऱ्याकडे आमचं गाव आहे, आणि त्या गावात एक घर आहे, ज्याचं पाणी आम्ही पीत नाही. आम्ही म्हणजे माझ्या आजोबांची सगळी मुलं, नातवंडं, आणि आता पतवंडंसुद्धा. भांडणतंटा काही नाही. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर "काय, बरं आहे ना?" होतं. त्यांच्या घरी कोणी गेलं तर आमची माणसं मयताला जातात. पण पाणी नाही, चहा नाही, आणि सोयरिकीचं तर नावच काढायचं नाही.

कारण साधं आहे. बेचाळीसच्या चळवळीत आजोबा कॉलेजात होते. कॉलेज सोडलं आणि पत्रकं छापायला लागले. एका गोठ्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र लपवलेलं होतं. गवताच्या भाऱ्यातून पत्रकं गावोगाव जायची. कोणाला पकडलं, कोणाला कुठल्या तुरुंगात नेलं, कुठे गोळीबार झाला, असं जे जे छापायला वर्तमानपत्रांना बंदी होती ते त्यात असायचं. त्या घरातला कर्ता पुरुष आजोबांचा बालमित्र. त्याचा कसलासा अर्ज कचेरीत अडकला होता. साहेबाची मर्जी बसावी म्हणून त्याने जाऊन गोठा दाखवून दिला. आजोबांना पकडलं. सुटून आले तेव्हा छाती कामातून गेली होती. कॉलेज राहिलं ते राहिलंच. जन्मभर एका शाळेत कारकुनी केली.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. मे महिना, अंगणात खेळून खेळून घसा कोरडा पडलेला. त्या घरातल्या म्हातारीने मला हाक मारली आणि तांब्याच्या पेल्यातून पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावणार तोच माझा दादा धावत आला आणि त्याने असा फटका मारला की पेला उडून थेट पायरीवर. माझा फ्रॉक भिजला. "त्या घरचं पाणी पितेस? लाज नाही वाटत?" असा ओरडला तो. स्वतः केवढा होता, तर हाफपँटमधला! म्हातारी पेला उचलून आत गेली. तिने बिचारीने कोणाला काय केलं होतं? मला तिचं आजही वाईट वाटतं. पण त्या दिवशी मला दादाचा फार अभिमान वाटला होता, हेही खरं.

तोच दादा आज सिंगापूरमध्ये एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. कॉम्प्युटरची सुरक्षा बघतो. कोणी भेटलं की "मी सिक्युरिटीतला माणूस" असं म्हणून हसतो. मी इथे त्याच्याच मागोमाग आले, लग्न करून. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला, आणि मी वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये एकटी उरले. हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेब सांभाळते. एवढा लांबचा एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, प्रवास, त्यात पेंगते, वाचते, फोन बघते. तक्रार नाही माझी.

आजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून सरकारने दिलेला ताम्रपट दादाने गावाहून आणला. काळ्या मखमलीवर बसवून, काचेच्या चौकटीत, वरून छोटा दिवा सोडून, तो आता त्याच्या कॉन्डोच्या, म्हणजे उंची सोसायटीतल्या फ्लॅटच्या, हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलेला आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो त्याच्यासमोर उभं करतो आणि गोष्ट सांगतो. गोठा, गवताचे भारे, फौजदार, तुरुंग. आणि शेवटी, न चुकता, त्या घरचं पाणी. दर पंधरा ऑगस्टला इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताम्रपटाचा फोटो आणि खाली लांबलचक मजकूर पडतो. मग नमस्काराचे हात, झेंडे, लाल बदाम. वहिनी तोंड फिरवून हसतात. त्यांना पाठ आहे सगळं.

माझ्या रिकाम्या खोलीत एक मुलगी राहायला आली. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, प्रशिक्षण नोव्हेनाला एका हॉस्पिटलात. ती कुठल्या देशाची, ते मी लिहिणार नाही. तिची आई अजून तिथेच आहे. एवढंच सांगते की तिच्या मुलखाला वेगळं व्हायचंय आणि ही मागणी तिथली कॉलेजातली पोरं करतायत. त्यांचं बरोबर की चूक, मला ठाऊक नाही. खरंच नाही. माझ्याकडे खोली होती, तिला खोली हवी होती.

या देशात बाहेरचं राजकारण आणून रस्त्यावर मांडायचं नाही, हे इथे दोन दिवस राहिलेल्यालाही कळतं. तरी मी तिला पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट बजावलं. "बाई गं, मोर्चा नाही, फलक नाही, घरात सभा नाही."

"नाही आंटी," ती म्हणाली, "मी फक्त नावं लिहिते."

आणि खरोखरच ती फक्त नावं लिहायची. तिच्या मुलखात सारखं इंटरनेट बंद पाडायचे. मधेच कधी तासभर सुरू झालं की तिकडची पोरं तिला कळवायची, कोणाला उचलून नेलं, कोण परत आलं, कोणाचा पत्ता नाही. ती ते दोन-तीन ठिकाणी विचारून पक्कं करायची आणि एका पेजवर टाकायची. नाव, वय, कॉलेज, शेवटचं कुठे दिसला, आणि घरच्यांनी दिलेला एखादा फोटो. बस. त्या पेजवर तिचं स्वतःचं नाव नाही, चेहरा नाही. तो कुठेच नव्हता. तिने स्वतःचे सगळे फोटो इंटरनेटवरून काढून टाकले होते. कोणी मोबाइल वर केला की ती मान फिरवायची, नाहीतर पटकन म्हणायची, "आणा, मीच काढते तुमचा." तिचं शिक्षण पुरं व्हायचं होतं आणि तोवर तिकडच्या पोलिसांना तिचं तोंड दिसायचं नव्हतं. एवढंच तिचं मागणं होतं. आईला धक्का लागू नये म्हणून.

चळवळीतलं सगळंच सोवळं होतं असं मी म्हणणार नाही. एकदा एका वसतिगृहाला सैनिक आग लावतायत असा व्हिडिओ तिकडे सगळीकडे फिरला. हिने शोध घेतला तर तो भलत्याच देशातला, जुना. हिने तसं पेजवर लिहिलं. झालं! तिच्याच बाजूची पोरं तिच्यावर तुटून पडली. गद्दार काय, विकली गेलीस काय, आणि त्याहून घाण, जे मला तिने वाचून दाखवलं नाही. तोवर तो व्हिडिओ बघून भडकलेल्या जमावाने एका गरीब दुकानदाराचं दुकान जाळलं होतं, तो केवळ दुसऱ्या जमातीचा म्हणून. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. "आंटी, याच फोनवरून लोकांचे जीवही वाचतात आणि याच फोनवरून हे." मी तिला वरण-भात कालवून दिला. दुसरं काय करणार मी?

माझा उजवा खांदा तेव्हा आखडला होता. हात वर जायचा नाही, केस विंचरताना जीव जायचा. ती रोज संध्याकाळी मला भिंतीशी उभं करायची, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावायची आणि जिथवर पोचेल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. मी शिव्या घालायचे, ती हसायची. रेघा हळूहळू वर सरकत होत्या.

एका रविवारी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पोरगी एकटी घरात बसून काय करील, म्हणून मी तिला दादाकडे घेऊन गेले. तिने पोळीवर तूप ओतून घेतलं आणि दादाच्या मुलीचा, माझ्या भाचीचा, शाळेच्या दप्तराने दुखणारा खांदा बघून तिलाही व्यायाम सांगितला. जेवण झाल्यावर दादाने तिला ताम्रपटासमोर उभं केलं. मला माहीतच होतं. आता इंग्रजीतून सुरू झालं. माय ग्रँडफादर, अंडरग्राउंड, स्टुडंट. एकदाही कुणाचं नाव सांगितलं नाही त्यांनी, एवढा मार खाल्ला तरी. शेवटी त्या घरचं पाणी. "आजही आम्ही तिथे पाणी पीत नाही. तीन पिढ्या! खबऱ्याच्या घरचं पाणी विष," असं दादा म्हणाला आणि त्याचा आवाज नेहमीप्रमाणे त्या ठिकाणी भरून आला.

भाची सोफ्यावर लोळत इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "पापा, एव्हरी टाइम सेम स्टोरी, लाह."

पण त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्यासाठी ती गोष्ट जुनी नव्हती. तिने पर्समधून फोन काढला, ते पेज उघडलं आणि दादाच्या हातात दिलं. "अंकल," ती म्हणाली, "मी हेच करते. गोठा नाही, एवढंच."

दादाने बोट फिरवून एकेक चेहरा बघितला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आय ॲम प्राउड ऑफ यू, बेटा." मी तिथेच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

मग ती पुन्हा ताम्रपटाकडे वळली. त्यावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी मान वर करून बघत राहिली. तेवढ्यात दादाने तिचा फोटो काढला. ती दचकली. "अंकल, प्लीज, हा कुठे टाकू नका." दादा म्हणाला, "छे छे, फॅमिली ओन्ली."

त्यानंतर काही आठवडे गेले. एका दुपारी मी ऑफिसच्या खालच्या हॉकरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला बसले होते. समोर फेरीबोटीतून उतरलेली माणसं बॅगा ओढत चालली होती. फोन वाजला, मराठी ग्रुप. वाटलं, कोणाच्या तरी घरी सत्यनारायण असेल. उघडलं, तर तिचा फोटो.

वर मराठीत, "सर्वांनी सावध राहावे." खाली इंग्रजीत तिचं पूर्ण नाव, ती काय शिकते, कुठे शिकते, वुडलँड्सला राहते, हे पेज चालवते. फुटीरतावादी. "आपण या देशाचे पाहुणे आहोत. राष्ट्रीय सुरक्षा ही आपलीही जबाबदारी आहे. अशा व्यक्तींपासून आपल्या मुलांना दूर ठेवावे." पाठवणारा, माझा दादा.

मी हातातला चमचा खाली ठेवला.

खाली उत्तरं येत होती. नमस्काराचे हात. अंगठे. "जागरूकतेबद्दल धन्यवाद सर." "बापरे, दिसायला किती साधी!" "माझ्या मिस्टरांच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकते." "हिंदी ग्रुपवरही टाकलं आहे." मग एक बाई, "घरगुती श्रीखंडाचे दोन डबे उरलेत, हवे असल्यास कळवावे." आणि त्याच्याखाली लगेच, "केशर की आम्रखंड?"

शी! मला तेव्हा जी किळस आली ती आजही तशीच ताजी आहे. एका पोरीचा गळा त्यांच्या डोळ्यांसमोर दाबला जातोय आणि यांना केशर हवंय की आंबा! ही शिकलेली माणसं, मुलांना संध्याकाळी शुभंकरोती म्हणायला लावणारी. एकाला, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, हिने केलं काय?

मी पुन्हा फोटो उघडला. तो त्याच रविवारचा, तिचा निळा कुडता, मान वर केलेली. पण वर काहीच नव्हतं. नुसती भिंत, कोपऱ्यात मखमलीची काळी कड. ताम्रपट कापून टाकला होता.

मी तिथूनच फोन लावला. "दादा, हे काय केलंस?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी," तो म्हणाला. मीटिंगमधून बाहेर आल्यावर बोलतात तशा दबक्या आवाजात. "शांतपणे ऐक. माझी सिटिझनशिपची फाइल आत आहे. उद्या कोणी विचारलं की तुमच्या बहिणीच्या घरात कोण राहतं, तर? मला दाखवता तरी येईल की मी वेळीच लोकांना सावध केलं होतं."

"कोणी विचारलं का तुला?"

"विचारीपर्यंत थांबायचं?"

"तुला एवढी शंका होती तर जिथे सांगायचं तिथे जाऊन सांगायचंस. तोंडावर सांगायचंस तिला. मला सांगायचंस, मी तिला दुसरी जागा बघायला सांगितली असती. हे ग्रुपवर कशाला? फोटो कशाला?"

"लोकांना ओळखता यायला नको?"

"आणि ताम्रपट का कापलास?"

मग म्हणाला, "प्रायव्हसीसाठी गं. आपल्या घराची जरा प्रायव्हसी नको?"

मी फोन ठेवला. मला वाटतं, ठेवला नसता तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून थोरल्या भावाला आईवरून शिवी गेली असती, आणि ती आमच्या दोघांचीच आई.

थोड्या वेळाने त्याने मेसेज पुसला. ग्रुपवर नुसती ती करडी ओळ राहिली, मेसेज डिलीट केल्याची. मोठा उपकार! तोवर तो इथून तिथे, तिथून आणखी कुठे पोचला होता. संध्याकाळपर्यंत तिच्या देशातल्या, तिकडच्या सरकारची आरती ओवाळणाऱ्या कुठल्याशा पानावर तो झळकला. "परदेशात बसून देश तोडणारी." खाली हजारो लोकांच्या तोंडचा उकिरडा. तिनेच मला ते दाखवलं.

मला वाटलं होतं, आता इथले लोक तिला हाकलतील. दादाचाही तोच अंदाज असणार. तिच्या शिक्षणसंस्थेत तिला बोलावलं. मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. आतल्या बाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, इथे राहून हे चालणार नाही, ते पेज सोड आणि परीक्षेचा अभ्यास कर. एवढंच. तिने त्याच दिवशी पेज दुसऱ्या कुणाच्या तरी स्वाधीन केलं. म्हणजे ज्या सुरक्षेचा माझ्या भावाने एवढा पुळका आणला, त्या सुरक्षेचं काम एका टेबलाशी, सभ्य भाषेत, चहाच्या कपाबरोबर संपलं. एमआरटीत परत येताना ती पहिल्यांदा हसली. मीही म्हटलं, वाचलो.

कुठलं वाचणं! त्याच आठवड्यात तिच्या आईला घरून घेऊन गेले. चौकशीसाठी. शेजारणीने कळवलं. निरोप असा की मुलगी परत आली की आईला सोडू.

मी नको नको म्हणाले. भांडले तिच्याशी. वकील बघू, कुठल्या तरी संस्थेला लिहू, परीक्षा होऊ दे. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि बॅग भरायची. "आंटी, आईला मधुमेह आहे," एवढंच पुन्हा पुन्हा. तिच्या परीक्षेचं प्रवेशपत्र टेबलावर तसंच पडून होतं.

जायच्या दिवशी तिने मला भिंतीशी उभं केलं. म्हणाली, एक शेवटचं. मी हात चढवला. रडत रडत खांद्याचा व्यायाम करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. तिने रेघ मारली आणि वर अजून एक, माझ्या बोटांपासून वीतभर उंच. "इथवर न्यायचा. रोज करायचं."

मी तिच्या हातावर दही घातलं. मग तिने प्यायला पाणी मागितलं. मी पेला भरून दिला. तो हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली आणि हलकेच, चेष्टेत, म्हणाली, "आंटी, तुमच्या घराण्याच्या नियमाने मी हे प्यावं का?"

माझ्या थोबाडीत बसली असती तरी एवढं लागलं नसतं. तिला तसं काही म्हणायचं नव्हतं. ती हसत होती. तिने पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, अगदी तळापर्यंत, माझ्यासाठी. मग आम्ही चांगी विमानतळावर गेलो. पोचल्यावर तिचा एक मेसेज आला, "पोचले." पुढे काही नाही.

मी ते पेज रोज बघायचे. एमआरटीत बसले की आधी तेच. दुसरं कुणीतरी ते चालवत होतं, तिच्यासारखंच नेटकं. नाव, वय, कॉलेज, शेवटचं कुठे दिसली. आणि एका सकाळी तिचं नाव आलं. शेवटची दिसली, विमानतळावर. आईबद्दल एक ओळ, अजून घरी आलेली नाही. वर तिचा फोटो. निळा कुडता, मान वर केलेली, मागे नुसती भिंत आणि कोपऱ्यात मखमलीची काळी कड. जगात तिचा दुसरा फोटोच शिल्लक नव्हता.

मी गाडी बदलायच्या स्टेशनवर उतरायचं विसरले. गाडी शेवटच्या स्टेशनाला जाऊन परत वळली तरी मी बसूनच होते.

पंधरा ऑगस्ट आला. मला वाटलं होतं, या वर्षी तरी. पण नाही! सकाळी ग्रुपवर ताम्रपट. अख्खा, दिव्याखाली चकाकणारा, काही न कापता. "माझे आजोबा विद्यार्थी असताना..." आणि शेवटी, हो, शेवटी ते पाणीही होतं. "खबऱ्याच्या घरचे पाणी आम्ही आजही पीत नाही." खाली नमस्काराचे हात, झेंडे, लाल बदाम. श्रीखंडवाल्या बाईंचेही.

माणूस एवढा कोडगा कसा होतो, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याला आठवत नव्हतं असं नाही. त्याच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे आहेत आणि मधल्या भिंतीला दारच नाही. एकात आजोबा, दुसऱ्यात फाइल. आणि ती फाइल, बरं का, मंजूर झाली. कुणी त्याला माझ्या भाडेकरूबद्दल अवाक्षर विचारलं नाही.

त्याच आठवड्यात राखी होती. वहिनींचा फोन आला. "अहो, झालं गेलं. निदान राखीला तरी या. नारळीभात केलाय." त्यांच्यावर माझा राग नाही. मी गेले. राखी मात्र नेली नाही.

उन्हातून चालत गेले होते, घामाने निथळत. दादा सोफ्यावरून उठला, "ये ये," म्हणाला, जणू परवाच भेटलो होतो. माझी नजर त्याच्या डोक्यावरून भिंतीवर गेली. दिवा लागलेला होता. भाचीने धावत येऊन मला मिठी मारली आणि फ्रिजमधलं पाणी आणलं. काचेच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमले होते.

"आत्या, ड्रिंक लाह, सो हॉट आउटसाइड."

मी पेला घेतला नाही. "नको गं."

"अगं, पाणी तरी घे," दादा म्हणाला. "मग बोलू काय ते."

"नको, दादा."

"सरबत करू का?" आतून वहिनी.

"काही नको, वहिनी. या घरचं पाणी मी घेणार नाही."

मी आवाज चढवला नव्हता. दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. भाची तो तसाच माझ्यापुढे धरून उभी होती. कळलं त्याला. हाफपँटमधल्या त्या पोराला जे कळत होतं ते याला न कळायला काय झालं? त्याच्या मानेवर लाली चढली. "तू माझ्याशी असं वागणार?" तो म्हणाला.

"मी कुठे काय वागतेय? आपल्या घरात असंच करतात. तूच शिकवलंस."

"व्हाय, पापा?" भाची आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "व्हाय आत्या डोंट वॉन्ट?"

मी थांबले. मुद्दाम थांबले. दर पाहुण्याला, दर वर्षी, मराठीत आणि इंग्रजीत जी गोष्ट तो सांगत आला होता, ती सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. ताम्रपट डोक्यावर होता, ऐकणारी समोर उभी होती. दादाने पोरीच्या हातातला पेला घेतला आणि तो आत ठेवायला गेला, तो बाहेर आलाच नाही.

मी चपला घातल्या. लिफ्टने खाली आले, कॉन्डोच्या फाटकाबाहेर पडले, पलीकडच्या हॉकरमध्ये पाण्याची बाटली विकत घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या सगळी प्यायले. फार तहान लागली होती.